मला आवाज नकोय, व्हॉल्व्ह हवाय!

माझ्या टर्बो पेट्रोल गाडीच्या डायव्हर्टर व्हॉल्व्हमधला रबरी पडदा फाटलाय. बाकी काही नाही. बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा, गळतोय, पिकअप गेलाय, तो भाग बदलायचा आहे. पण पुण्यात कुठल्याही मॉडिफिकेशनच्या दुकानात जा, पहिलं वाक्य ठरलेलं: "सर, कंपनीचा कशाला? बीओव्ही टाकतो ना, आवाज बघा काय येतो!" बीओव्ही म्हणजे ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, हीच हवा फुस्सकन बाहेर सोडणारा.

अरे, आवाज मागितला कोणी? हा भाग आवाजासाठी बनलेलाच नाही! गिअर बदलताना एक्सलेटरवरून पाय उचलला की थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, बंद होतो, पण टर्बो तेव्हा मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारत असतो. दाबलेली हवा बंद थ्रॉटलवर आपटून उलटी कॉम्प्रेसरवर, म्हणजे टर्बोच्या हवा दाबणाऱ्या पंख्यावर, येते. तिला वाट काढून द्यायची, एवढंच या व्हॉल्व्हचं काम. कंपनीने ती हवा परत टर्बोच्या तोंडाशी नेऊन सोडलेली असते, म्हणून बाहेर ऐकू येत नाही. आणि ऐकू येत नाही म्हणजे गाडी 'डल' आहे, असं हे लोक विशी-बाविशीच्या पोरांना बिनदिक्कत सांगतात.

माझ्या गाडीत मॅफ सेन्सर आहे. फिल्टरमधून हवा आत शिरली की तिथेच ती मोजली जाते आणि तेवढ्या हवेचं पेट्रोल ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सोडतो. ती मोजलेली हवा फुस्सकन बाहेर सोडली की पेट्रोल तेवढंच आणि हवा कमी. मग गाडी हिसके देते, सिग्नलला थांबताना बंद पडते, प्लग काळे होतात, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लागते. थ्रॉटलच्या पुढे दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरच्या गाडीला हे बरंचसं चालून जातं. म्हणजे गाडीत मॅफ आहे की मॅप, हा दुकानदाराचा पहिला प्रश्न हवा. मला एकानेही विचारला नाही. मी स्वतःहून सांगितलं तर उत्तर आलं, "युनिव्हर्सल आहे सर, सगळ्यांना बसतो." पाइपाच्या मापात बसला म्हणजे इंजिनाला चालला का?

स्प्रिंगचं तर नावच काढू नका. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हॉल्व्हची स्प्रिंग गाडीच्या आयडल व्हॅक्यूमप्रमाणे, म्हणजे गाडी नुसती चालू उभी असताना इंजिन हवा किती ओढतं त्यावरून, निवडावी लागते. फार कडक असेल तर कमी बूस्टला व्हॉल्व्ह उघडतच नाही, हवा फडफडत टर्बोवर परत जाते. फार नरम असेल तर आयडलला उघडाच राहतो आणि न मोजलेली हवा आत ओढली जाते. "कडक टाकलीय, आता मस्त फडफडेल," असं एक जण मला अभिमानाने सांगत होता. ती फडफड म्हणजे कॉम्प्रेसर सर्ज! जे टाळायला व्हॉल्व्ह बसवायचा, तेच हा पैसे घेऊन करून देतो!

माझ्या गाडीचा व्हॉल्व्ह इलेक्ट्रिक आहे, कनेक्टर काढला की चेक इंजिनचा दिवा लागतो. त्यावरही यांच्याकडे तोडगा आहे: जुना व्हॉल्व्ह कनेक्टरला तसाच जोडून ठेवायचा आणि बॉनेटखाली टाय मारून बांधून टाकायचा. वर एचकेएस या जपानी कंपनीच्या नावाची नक्कल, जिच्या डब्यावर धड पार्ट नंबर नाही, आणि बिल मागितलं तर कच्चं. आवाज आणि धुराचे निकष मोडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, तीन महिन्यांपर्यंत कैदही. हे दुकानदार सांगतो का? गाडी पोराच्या बापाच्या नावावर असते, दुकानदाराचं काय जातं!

आणि डिझेलवाले! डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा थ्रॉटल हवा अडवत नाही, त्यामुळे हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. तरी पेडलला स्विच लावून, सोलेनॉइडने, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या झडपेने, चांगला बूस्ट हवेत सोडणारी किट विकतात. ते परवडत नाही त्याला सायलेन्सरच्या तोंडात कोंबायची शिट्टी. ती तर टर्बो नसलेल्या गाड्यांनाही लावतात. रात्री अकरा वाजता आमच्या गल्लीतून ती शिट्टी वाजत जाते आणि पाळण्यातली पोरं दचकून उठतात. संताप येतो, अक्षरशः संताप!

सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो तर तिथे वेगळीच तऱ्हा. व्हॉल्व्ह सुटा मिळणार नाही म्हणे, अख्खा टर्बो बदला. तीन स्क्रूंवर बसणारा भाग आहे हो तो! त्यासाठी लाखाच्या घरातलं एस्टिमेट हातात देताना त्या माणसाला काहीच वाटलं नाही.

यावर चांगला पर्याय नाही असंही नाही. ऑस्ट्रेलियाच्या गो फास्ट बिट्स कंपनीचा डीव्ही प्लस हा डायव्हर्टर व्हॉल्व्ह आहे. रबरी पडद्याच्या जागी धातूचा पिस्टन, कंपनीचा सोलेनॉइड तोच, हवा परत टर्बोकडेच. शेवटच्या दुकानात तो मागितला तर मालक म्हणाला, "त्याला आवाज नाही ना सर, कोणी घेत नाही, म्हणून ठेवत नाही." मी घेतोय ना! पैसे घेऊन काउंटरसमोर उभा आहे, ॲडव्हान्स देतो म्हणतोय, तरी तो माणूस कपाटातून तीच चकचकीत लाल बीओव्ही काढून माझ्यासमोर ठेवतो!