कपडे आणायला सोबत गेलेला पोलीस

११ ऑक्टोबर २०१५, रविवारची संध्याकाळ. आयर्लंडच्या लाउथ परगण्यात, उत्तर आयर्लंडच्या सीमेला खेटून ओमीथ नावाचं गाव आहे. जोडीदाराच्या छळाला कंटाळून एक तरुणी पोलिसांकडे गेली होती. तिला घरातून आपलं सामान आणायचं होतं आणि एकटीनं जायची छाती होत नव्हती. ड्यूटीवरचे गार्डा (तिथले पोलीस) टोनी गोल्डन तिच्यासोबत निघाले. वय ३६, तीन मुलांचा बाप, कमरेला पिस्तूल नाही. घरात त्या जोडीदारानं आधी गोल्डन यांच्यावर गोळ्या झाडल्या, मग तिच्यावर, मग स्वतःवर. ती गंभीर जखमी झाली, पण वाचली. गोल्डन गेले.

पुढे त्यांना मरणोत्तर स्कॉट सुवर्णपदक मिळालं. आयरिश पोलिसांचा शौर्यासाठीचा हा सर्वोच्च मान. १९२३ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांचे मानद आयुक्त कर्नल वॉल्टर स्कॉट यांनी त्यासाठी हजार डॉलरचा सुवर्णरोखा दिला. सोबत अट घातली, आणि ती कडक आहे: नुसतं धाडस चालणार नाही. कर्तव्य बजावताना, डोकं ठिकाणावर ठेवून, जीव धोक्यात घालून केलेलं काम हवं, आणि धोका किती आहे याची पुरेपूर कल्पना करणाऱ्याला आधीपासून हवी.

मी अडकलो ते या शेवटच्या कलमापाशी.

पोलिसाच्या शौर्याचा विषय निघाला की आपल्याला तुकाराम ओंबळे आठवणारच. त्यांना समोर रायफल दिसत होती आणि तरी त्यांनी ती धरून ठेवली. गोल्डन निघाले होते कपड्यांच्या पिशव्या भरायला मदत करायला. असं काम आपल्याकडे सांगून बघा. ‘नवराबायकोचं भांडण आहे, घरी जा, मिटवून घ्या’ हे ऐकून ठाण्यातून परतलेल्या बायका प्रत्येकाच्या नात्यागोत्यात सापडतील. गोल्डननी ते काम पोलिसाचंच मानलं, आणि माझ्या लेखी त्यांचं शौर्य गोळीच्या आधी, तिच्यासोबत निघाले तिथेच सुरू होतं.

पण धोक्याची पुरेपूर कल्पना? गोळ्या झाडणारा तो माणूस आयआरए या बंदी असलेल्या सशस्त्र संघटनेचा सदस्य असल्याच्या आरोपाखाली जामिनावर बाहेर होता. म्हणजे सरकारदरबारी त्याची नोंद होती. अशा माणसाच्या दारात बिनहत्यारी पोलीस जाऊन उभा राहतो, तेव्हा धोका ओळखायची जबाबदारी त्या एकट्याची कशी? फाइल ज्यांच्या टेबलावर असते त्यांचं काय?

यावर ठरलेलं उत्तर येतं, सगळ्यांना बंदुका द्या. मला पटत नाही. १९२२ मध्ये, आयर्लंडमध्ये यादवी युद्ध पेटलेलं असताना, आयरिश पोलिसांचे पहिले आयुक्त मायकेल स्टेन्स यांनी हे दल शस्त्रांच्या जोरावर नाही तर लोकसेवक म्हणून नैतिक अधिकारावर उभं राहील अशी भूमिका घेतली. आजही वर्दीतला साधा गार्डा दंडुका आणि पेपर स्प्रे घेऊनच फिरतो; बंदुका असतात त्या गुप्तहेर (डिटेक्टिव्ह) शाखेकडे आणि सशस्त्र पथकांकडे. आणि बंदुकीनं तरी काय होतं? जून २०२० मध्ये आयर्लंडमधल्याच कॅसलरी गावात डिटेक्टिव्ह कॉल्म हॉरकन यांना त्यांच्याच सरकारी पिस्तुलानं मारलं गेलं. कर्तव्यावर मारले गेलेले ते ८९वे, गोल्डन ८८वे. गोल्डनच्या आधी, जानेवारी २०१३ मध्ये, याच लाउथमध्ये पतपेढीच्या रोकडीला संरक्षण देताना डिटेक्टिव्ह एड्रियन डोनोहो गेले. तेही सशस्त्रच होते.

गोल्डनवर गोळ्या झाडणारा स्वतःही मेला, त्यामुळे खुनाचा खटला उभा राहिलाच नाही. डोनोहोंच्या बाबतीत निदान ज्युरी बसली, आरोपी दोषी ठरला. गोल्डनच्या घरच्यांच्या हाती आलं ते पदक. शौर्याचं मानपत्र वाचायला कुठल्याच सरकारला जड जात नाही. असा माणूस जामिनावर मोकळा असताना त्याच्यावर नजर कोणाची होती, हा प्रश्न त्याच व्यासपीठावरून कुणी वाचून दाखवावा, असं मला वाटतं.