टीएसएच उतरला, तरी गोळी निम्मी करण्याआधी थांबा

ताई, नमस्कार. थायरॉइडसाठी जीवनसत्त्वं आणि खनिजं मनानेच सुरू करू नका असं लिहून मी लोकांना उगाच घाबरवलं, हा तुमचा आक्षेप. ती नैसर्गिक असतात, अपाय कसा होईल, असं तुम्ही विचारता. बहिणीने ‘थायरॉइड सपोर्ट’ कॅप्सूल घेतल्यावर दोन महिन्यांत टीएसएच (थायरॉइड ग्रंथी मंदावली की रक्तात वाढणारं हॉर्मोन) उतरला आणि आता ती थायरॉक्सिनची, म्हणजे कमी पडणारं थायरॉइड हॉर्मोन भरून काढणारी, गोळी निम्मी करणार आहे, असंही लिहिलंत. आधी त्या गोळीबद्दलच बोलते, कारण त्यात उशीर परवडणारा नाही.

बाटलीवर बायोटिन (एक ब-जीवनसत्त्व) लिहिलंय का, ते बघा. अशा मिश्र कॅप्सूलमध्ये आणि केस-नखांच्या गोळ्यांमध्ये ते कधी ५,००० तर कधी १०,००० मायक्रोग्रॅम असतं. रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास! बायोटिनने ग्रंथीला काही होत नाही, बिघडतो तो रिपोर्ट. थायरॉइडच्या अनेक चाचण्यांची रचनाच बायोटिनच्या घट्ट चिकटण्यावर उभी आहे. रक्तात ते भरमसाट असलं की टीएसएच खोटाच कमी आणि टी३, टी४ ही थायरॉइडची हॉर्मोन्स खोटीच जास्त दिसू शकतात. बायोटिनमुळे रक्ततपासण्या चुकतात, असा जाहीर इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्येच दिला होता. बहिणीचं असंच झालं असेल असं मी ठामपणे म्हणत नाही. पण बायोटिन किमान दोन दिवस बंद ठेवून पुन्हा तपासणी होईपर्यंत आणि डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत तिने गोळीला हात लावू नये, ही माझी कळकळीची विनंती.

खनिजं महत्त्वाची आहेत, हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर. टी४ च्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. त्यातला एक काढून टी३ बनवणारी विकरं (एन्झाइम) सेलेनियमवर चालतात. ग्रंथीत हॉर्मोन तयार करणाऱ्या विकराला लोह लागतं, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित राहतं ते हेच. थकवा, केसगळती सगळी थायरॉइडच्या नावावर जमा होते आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, कोणी तपासतच नाही.

पण कमतरता भरून काढणं वेगळं आणि पुरेसं असताना ओतत राहणं वेगळं. प्रौढांना दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. समुद्री शेवाळाच्या गोळ्यांतून त्याच्या कितीतरी पट जाऊ शकतं. आयोडीनचा असा लोंढा आला की ग्रंथी हॉर्मोन बनवणं तात्पुरतं थांबवते. निरोगी ग्रंथी काही दिवसांत सावरते, हाशिमोटो (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर हल्ला करते तो आजार) असलेली मात्र पुष्कळदा सावरत नाही. सेलेनियमचंही तसंच. १९९० च्या सुमारास झैरेमध्ये, म्हणजे आजच्या काँगोत, दोन्ही खनिजांची कमतरता असलेल्या भागात आयोडीनआधी सेलेनियम देऊन पाहिलं गेलं. ज्यांची ग्रंथी आधीच दुबळी होती, त्यांचं टी४ आणखी घसरलं. शिवाय सेलेनियम जास्त झालं की केस गळतात आणि नखं तुटतात, म्हणजे ज्या तक्रारीसाठी घ्यावं तीच वाढते.

आणखी एक. कॅप्सूलमध्ये लोह किंवा कॅल्शियम असेल तर ती आणि थायरॉक्सिन यांच्यात चार तासांचं अंतर हवं, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही.

लेबलवरचे घटक आणि त्यांचं प्रमाण इथेच लिहा. रक्त दिलं त्या दिवशी तिने कॅप्सूल घेतली होती का, तेही तिला विचारून सांगा.