कांदा कसा वाचावा

सुजाण नागरिक व्हायला अख्खा पेपर वाचावा लागतो, ही अफवा आहे. मथळे पुरतात. सराव कशावर करावा म्हणाल, तर आमची शिफारस कांद्याची. राजकारणात रोज पक्ष बदलतात, कोण कुठे आहे हे लक्षात ठेवायचा ताप. कांद्याचं तसं नाही. मथळे दोनच: 'कांद्याने केला वांदा' आणि 'गृहिणींना दिलासा'. एवढे पाठ केलेत की अर्धं अर्थशास्त्र झालं.

भाव चढला की कांदा 'रडवतो'. कुणाला, हे विचारायचं नसतं. मथळ्यातलं पाणी कायम गिऱ्हाइकाच्याच डोळ्यांत असतं. सोबत फोटो येतो, त्यात एक बाई भाजीच्या गाडीसमोर हातातल्या कांद्याकडे बघत उभी असते. खाली बारीक अक्षरात 'संग्रहित छायाचित्र' लिहिलेलं असतं, तिकडे दुर्लक्ष करा. घरात महिन्याला पाच किलो कांदा लागतो आणि भाव वीसवरून साठवर गेला, तर फटका दोनशे रुपयांचा. हा हिशोब चुकूनही करू नका. मोबाइलच्या रिचार्जशी तुलना करायचा मोह होईल आणि संतापाचा सगळा मूड जाईल.

आकडे वाचायचीही रीत आहे. 'लासलगावात कांदा चार हजारांवर!' असं दिसलं की आधी छातीवर हात ठेवा. हा भाव क्विंटलचा असतो, म्हणजे किलोला चाळीस; पण चाळीस म्हटल्यावर दचकणार कोण? शिवाय बाजार समिती रोज किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव जाहीर करते. मथळ्यात जागा एकाचीच, मग ती कमाल भावाला जाते. तो भाव एखाद्या निवडक ट्रॉलीला मिळालेला असला म्हणून काय झालं? मुहूर्ताच्या लिलावात तर पहिल्या वाहनाला व्यापारी हौसेने चढी बोली लावतात. त्या मानाच्या भावावरून अख्ख्या तालुक्याची श्रीमंती मोजायला शिका.

उलट बाजूच्या बातम्या येतच नाहीत असं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजार समितीत एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. किलोला रुपया. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन उरले २ रुपये ४९ पैसे आणि हातात चेक पडला दोन रुपयांचा. त्या चेकचा फोटो तुम्हीही 'काय दिवस आलेत' म्हणून पुढे ढकलला असेल. तेवढं पुरे. कुठलाही कांदा तेव्हा कुणाला रडवत नव्हता, गृहिणींना दिलासा होता.

आता थोडं व्याकरण. भाव 'कोसळतात', 'गडगडतात', सगळं आपलं आपण, पावसासारखं. १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, ८ डिसेंबरला सरळ बंदी घातली, ती उठायला मे २०२४ उजाडला आणि शुल्क पुरतं जायला एप्रिल २०२५. त्यामुळे भाव कोणी पाडले, असा प्रश्न पडू शकतो. पाडून घेऊ नका. कर्ता लागतो तो भाव चढताना: 'साठेबाज'. उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत भरून, घट आणि सड सोसून, चार महिने वाट बघणारा शेतकरीही मथळ्याच्या घाईत त्याच पोत्यात भरला जातो. आणि १९९८ मध्ये कांद्याने दिल्ली राज्यातली सत्ता घालवली, हे दर निवडणुकीला आठवणीने छापलं जातंच. त्यामुळे राज्यकर्ते नक्की कुणाच्या डोळ्यांतल्या पाण्याला भितात, हे वेगळं सांगायला नको.

एक पथ्य मात्र कडक पाळा: आपल्या पेपरची दुसऱ्या जिल्ह्याची आवृत्ती उघडू नका. निर्यातबंदी आली की शहरात 'कांदा स्वस्त होणार' आणि नाशिककडे 'लिलाव बंद, महामार्ग रोखला'. पेपर तोच, किंमत तीच, सकाळही तीच. दोन्ही वाचलेत तर मत बनायला वेळ लागेल, आणि तोवर ग्रुपवर दुसराच विषय सुरू झालेला असेल.

एवढी तयारी झाली की परीक्षा घ्यायला नात्यातलं लग्न गाठा. निफाडचा मावसभाऊ दिसला की पाठीवर थाप मारून म्हणा, "यंदा मजा आहे बुवा तुमची, कांद्याने शंभरी गाठली म्हणे!" त्याने माल मे महिन्यातच आठ रुपयांनी देऊन टाकला असेल, तर तो काहीतरी पुटपुटेल. ते मथळ्यात नव्हतं, तेव्हा ऐकायची सक्ती नाही. निघताना दहा-पंधरा किलोची गोणी मात्र मागून घ्या. घरचाच तर आहे, पैसे कसले विचारता.