स्पिन वेव्हनं फुकट वीज मिळत नाही, तो मेसेज पुढं पाठवू नका

"मल्टिफेरॉइक नावाचं नवीन मटेरियल सापडलंय, चुंबक जवळ नेला की वीज तयार होते, स्पिन वेव्हवर चालणारा मोबाईल गरम होणार नाही, चार्जिंगची पण गरज नाही आणि बनवायला एकदम सोप्पं." हा मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपवर फिरतोय, आमच्याकडची बीएस्सीची पोरं पण खरं समजून विचारायला लागलीत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

नवीन तर काहीच नाही बघा. स्पिन वेव्ह, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या स्पिनच्या (त्याच्या अंगच्या इवल्याशा चुंबकत्वाच्या) लाटा, फेलिक्स ब्लॉख या भौतिकशास्त्रज्ञानं १९३० ला मांडल्या, आणि विजेचं फील्ड लावून चुंबकत्व येतं हे क्रोमियम ऑक्साईडमध्ये १९६० ला अस्त्रोव या शास्त्रज्ञानं मोजून पण दाखवलं. मल्टिफेरॉइक म्हणजे एकाच पदार्थात चुंबकी रचना आणि विजेचं ध्रुवण (धन आणि ऋण चार्ज एकमेकांपासून जरा सरकलेले असणं), दोन्ही आपोआप असणं, एवढंच.

चुंबक नेला की वीज? चुंबक हलवताना ध्रुवण जरासं बदलतंय, तेवढ्यापुरता इवलासा चार्ज सरकतो आणि खेळ खलास. परत पाहिजे तर चुंबक परत हलवा, म्हणजे ताकद तुमचीच लागली की! फुकट काय मिळालं?

गरम होणार नाही, यात मात्र अर्धं खरं आहे आणि म्हणूनच लोक फसतात. वाऱ्यानं उसाच्या फडात लाट पुढं जाते पण ऊस जागेवरच राहतो, तसंच स्पिन वेव्हमध्ये इलेक्ट्रॉन जागा सोडत नाहीत, फक्त त्यांच्या स्पिनचं डोलणं पुढं सरकतं. त्यामुळं तारेतून करंट जाताना होते तशी उष्णता होत नाही, हे बरोबर, पण लाट जाता जाता विरते आणि ती ऊर्जा शेवटी उष्णताच होते, शिवाय लाट उठवायला बहुतेक वेळा मायक्रोवेव्ह करंटच (फार वेगानं उलटसुलट होणारा) सोडावा लागतो. मग मल्टिफेरॉइकचा फायदा काय, तर ही लाट नुसत्या व्होल्टेजनं बदलता येते. बिस्मथ फेराइट या मल्टिफेरॉइकमध्ये साध्या खोलीच्या तापमानाला विजेचं फील्ड लावून स्पिन वेव्हची फ्रिक्वेन्सी ३० टक्क्यांहून जास्त सरकवली, २०१० ला, आणि फील्ड काढल्यावरही तो बदल टिकला. माझ्या मते फॉरवर्ड करायची बातमी ही होती! टर्बियम मँगनाईटसारखा दुसरा नावाजलेला पदार्थ मल्टिफेरॉइक होतो तो उणे २४५ अंशांच्या खाली, ते खिशात कसं ठेवणार?

राहिलं सोप्पं बनवणं, तर हेच बिस्मथ फेराइट घ्या. बिस्मथ ऑक्साईड आणि आयर्न ऑक्साईडची पावडर खलात घोट घोट घोटायची, दाबून पेलेट (वडी) करायची, भट्टीत ८०० अंशांच्या आसपास तापवायची, ऐकायला बरं वाटतं, पण त्या तापमानाला बिस्मथ उडून जायला लागतं, प्रमाण बिघडतं, नको त्या फेज (मधेच दुसरेच पदार्थ) येतात, ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहतात आणि ती तांबूस तपकिरी पेलेट करंट लीक करायला लागते. लीक करणाऱ्या पेलेटवर फील्ड टिकत नाही, आणि फील्डच टिकलं नाही तर स्पिन वेव्ह व्होल्टेजनं सरकवायची कशी?