निराशाजनक सरकारी पोर्टल उभारण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

तुमची बदली नुकतीच ई-गव्हर्नन्स कक्षात झाली असेल, तर आधी अभिनंदन. घाबरू नका, संगणक यायलाच पाहिजे असं नाही. नागपूरकरांना काहीतरी ऑनलाइन करून द्यायचं आहे, आणि ते अशा बेताने की माणसाला शेवटी सिव्हिल लाईन्समधल्या सरकारी कचेऱ्यांची चक्कर चुकू नये.

सुरुवात तारखेपासून करा. पोर्टल काय करणार हे नंतर ठरवता येतं. लोकार्पण मात्र डिसेंबरातच, हिवाळी अधिवेशनासाठी मंत्रिमंडळ गावात असताना. चाचणीला ऑक्टोबर-नोव्हेंबर उरतात, त्यात दिवाळी. चालेल. कळ एकदाच दाबायची असते आणि ती दाबणाऱ्याला अर्ज भरायचा नसतो.

मग निविदा. उलाढालीची अट इतकी वर ठेवा की परसोडीच्या आयटी पार्कातली २५ पोरांची कंपनी पात्रतेतच गळेल. उरलेल्यांत एल-वन, म्हणजे सगळ्यांत कमी दराचा. तो काम दुसऱ्याला देईल, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटी तीच २५ पोरं ते करतील, फक्त एक तृतीयांश पैशांत. हप्ते कागदांना बांधा: एसआरएसवर, म्हणजे प्रणालीने काय काय करायचं त्या दस्तऐवजावर, सही झाली की इतके टक्के, यूएटी, म्हणजे वापरणाऱ्यांकडून करून घ्यायची चाचणी, उरकली की इतके, बाकीचे गो-लाइव्हला, म्हणजे पोर्टल सुरू झाल्यावर. पहिल्या खेपेत किती लोकांचा अर्ज पुरा झाला, याला मात्र एक रुपयाही बांधू नका, नाहीतर कंत्राटदार लोकांना विचारत बसेल.

सगळ्यांत महत्त्वाचं, मूळ प्रक्रियेला हात लावायचा नाही. कागदी अर्जात २९ रकाने असतील तर पडद्यावरही २९. जोडपत्रांतलं बरंचसं सरकारच्याच कुठल्या ना कुठल्या सर्व्हरवर पडलेलं असतं, हे खरं. पण ते तिथून घ्यायचं म्हणजे दोन खात्यांनी एकमेकांशी बोलायचं. त्यापेक्षा अर्जदारालाच स्कॅन करून आणायला लावा. फोटो ५ ते २० केबी, कागदपत्र ७५ केबीपेक्षा मोठं पण १०० पेक्षा लहान. चुकलं तर नुसतं ‘अवैध फाइल’. आणि सत्र दहा मिनिटांत संपलं पाहिजे, अर्धवट अर्ज जतन करायची सोय न देता.

नावांच्या बाबतीत घाई करू नका, तिथे खरी मजा आहे. आधारवर ‘राऊत’, शाळेच्या दाखल्यावर ‘राउत’, सातबाऱ्यावर आडनावच नाही. प्रणालीने अक्षर न् अक्षर जुळवण्याचा हट्ट धरावा. आडनाव कुऱ्हाडे असेल तर बहारच. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो: नुक्त्याच्या ऱ चा पाय मोडून, नाहीतर साध्या र चा पाय मोडून त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, डेटाबेसात दोन वेगळी माणसं. युनिकोड, म्हणजे संगणकातल्या अक्षरांची प्रमाण संकेतावली, तिचं नेहमीचं सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) चालवूनही ही जोडी एक होत नाही, त्याला वेगळा नियम लिहावा लागतो. चार ओळींचं काम आहे, म्हणूनच ते एसआरएसमध्ये येऊ देऊ नका. २०१७ च्या कर्जमाफीत ऑनलाइन अर्ज आणि बँकांच्या याद्यांचा मेळ बसेना, म्हणून शेतकरी ताटकळले होते. एवढा अनुभव गाठीशी आहे, तो वाया घालवू नका.

चाचणी कार्यालयातच करा: लॅनवर (कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्यावर), मोठ्या स्क्रीनवर, सहा कारकून, अर्जदाराचं नाव ‘टेस्ट टेस्ट’. भिवापूरच्या शेतातला स्वस्त फोन आणि एका काडीचं नेटवर्क मध्ये आणाल तर लोकार्पण पुढे जाईल. बारावीच्या निकालानंतर सगळा जिल्हा एकदमच दाखले मागतो, हे दरवर्षीचंच आहे. भाराची चाचणी त्यावर बेतू नका. तालुक्यांची आणि गावांची यादी वर्षानुवर्षं बदलत नाही, तरी प्रत्येक पान उघडताना ती डेटाबेसातून नव्याने मागवा. डेटाबेसच्या शंभर जोडण्या भरल्या की एकशे एकावा माणूस चक्र फिरताना बघत बसतो. शुल्काचे पैसे कापले गेले, पण बँकेचा निरोप सर्व्हरला पोचला नाही, तर ‘प्रलंबित’ लिहून मोकळे व्हा. अशा व्यवहारांची रात्री बँकेकडे फेरचौकशी करणारा छोटा प्रोग्राम असतो. तो बसवला तर लोक दुसऱ्यांदा पैसे कशाला भरतील?

आता कायदा. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे विनाकारण उशीर केल्यास ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला मुदत १५ दिवसांची. तेव्हा चौदाव्या दिवशी ‘कागदपत्र अस्पष्ट’ असा शेरा मारून अर्ज परत करा. कोणतं कागदपत्र, ते लिहू नका. अर्ज निकाली निघाला, माणूस नव्याने भरेल, दिवस पुन्हा एकपासून. डॅशबोर्ड हिरवागार, प्रलंबित शून्य. डिजिलॉकरमधलं कागदपत्र मूळ प्रतीच्या बरोबरीचं धरावं, हा केंद्राचा नियम येऊन कितीतरी वर्षं झाली. तरी पावतीखाली ‘प्रिंट काढून, सही करून, झेरॉक्सच्या दोन संचांसह समक्ष हजर राहावे’ ही ओळ हवीच.

एवढं करूनही काही अर्ज पार पडतातच. त्याला कारण सेवा केंद्रातला पोरगा. मधलं नाव नसेल तर टिंब द्यायचं, पिन कोड आधी टाकला तर जिल्ह्याचा रकाना उघडत नाही, फोटो १८ केबीवर आणला की जातो, सकाळी साडेसहाला सर्व्हर हलका असतो, हे सगळं त्याला पाठ. तुमचं पोर्टल रोज वापरणारा तोच. बैठकीला त्याला चुकूनही बोलावू नका. तो म्हणेल, “साहेब, हे तीन रकाने काहून ठेवून राहिले तुम्ही? कोणीच तर वाचत नाही ते.” हे इतिवृत्तात कसं घ्यायचं?

देखभालीचा करार संपला की मुदतवाढीच्या भानगडीत पडू नका. नवं नाव, नवं ॲप, नवी निविदा. जुना डेटा जुन्या कंत्राटदाराकडेच राहील, कारण सोर्स कोड आणि डेटाबेसची रचना हस्तांतरित करण्याची अट आपण निविदेत टाकलीच नव्हती. लोक पुन्हा नोंदणी करतील. ज्यांचा ओटीपी येणार नाही त्यांच्यासाठी ऑनलाइन तक्रार खिडकी आहे. तिथे लॉगिन ओटीपीनेच होतं.