फिट, कुत्रा आणि घड्याळ: तुमच्या आक्षेपांवर

फिट आणि कुत्र्यांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा पटली. निदान अर्धी तरी. फिट येण्याआधी कुत्रा इशारा देतो असं लिहून मी घरच्यांना खोटी आशा लावली, असं तुम्ही म्हणता. आणि फिट ओळखून अलार्म वाजवणारं घड्याळ मनगटावर असताना मुक्या जिवाला कशाला जुंपायचं, असंही विचारता. कुत्रा म्हणजे ‘नुसती करमणूक’, असा शेराही मारता.

पहिल्या मुद्द्यात चूक माझीच. फिट आल्यावर काय करायचं ते कुत्र्याला शिकवता येतं: भुंकून घरच्यांना बोलवायचं, भिंतीवरचं बटण दाबायचं, शेजारी पडून राहायचं. आधी इशारा देणं ही वेगळी गोष्ट. काही कुत्रे माणसाच्या सहवासात ते आपसूक करू लागतात, पण ‘हमखास शिकवून देतो’ असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं, तर चार हात लांब राहिलेलं बरं. मी फ्रान्समधल्या रेन विद्यापीठाच्या २०१९च्या प्रयोगाचा दाखला दिला होता. त्यात पाच कुत्र्यांनी फिटचा वास ओळखला हे खरं, पण माणसांच्या अंगाच्या वासाचे ते नमुने फिटच्या आधी घेतलेले नव्हते. एवढी साधी गोष्ट माझ्या नजरेतून सुटली.

घड्याळाचं मात्र पटत नाही. हातपाय जोरात झडले, तर ते ओळखतं. फिटमध्ये माणूस नुसता शून्यात बघत बसला, तर बहुतेकदा त्याला पत्ताच लागत नाही. आणि अलार्म वाजवल्यावर त्याचं काम संपतं.

मी एकदा अशा कुत्रीचा सराव पाहिला होता. प्रशिक्षक जमिनीवर पडून हातपाय झाडत होता. काळी लॅब्राडोर धावत गेली, नाकाने बटण दाबलं, परत येऊन त्याच्या पाठीला पाठ लावून पडली. तीनदा झालं. चौथ्यांदा तिने तोंड फिरवलं आणि मोठी जांभई दिली. मला वाटलं झोप आली असेल. प्रशिक्षक उठला, म्हणाला, ‘आज बास, तिला ताण आलाय.’ जुंपणं म्हणता ते हे नव्हे. अर्थात कुठलाही पाळीव कुत्रा या कामाला लावणं, हा त्याच्यावर अन्यायच. काही कुत्रे फिट पाहून बिथरतात, क्वचित अंगावरही येतात.

नेदरलँड्समधला २०२४चा एक अभ्यास तुमच्यासाठी मुद्दाम सांगते. औषधांना न जुमानणाऱ्या फिट असलेले २५ जण त्यात होते. कुत्रा आल्यावर फिटचं प्रमाण सरासरी ३१ टक्क्यांनी घटलं. माणसं थोडी आहेत, म्हणून त्यावर मोठा इमला बांधत नाही. पण ‘नुसती करमणूक’ हा तुमचा शब्द त्यापुढे टिकत नाही.

मूळ लेखातला इशाऱ्याबद्दलचा परिच्छेद आज बदलते आहे. तुमच्या घरी ते घड्याळ असेल, तर एक सांगाल का: दात घासताना, भांडी घासताना ते किती वेळा उगाच वाजतं?