मधली वीस वर्षं कोण बघणार?

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर मावसबहिणीने तिच्या मुलीच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टचा फोटो टाकला. मुलगी 17 वर्षांची, बारावीत आहे, पाळी दोन-दोन महिने लांबते म्हणून तालुक्याच्या गावात एका खाजगी मॅडमकडे नेली होती, आणि फोटोखाली बहिणीने एवढंच लिहिलं होतं, पीसीओडी निघालंय. तासाभरात ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्या. मामा म्हणाले सिव्हिलला दाखवा, आता सगळं मोफत झालंय, हे बाहेरचे नुसते लुटतात. काकू म्हणाली पोरीला नेऊन गरोदर बायांच्या लायनीत बसवायची का, कुणी बघितलं तर काय म्हणेल, चार पैसे जास्त गेले तरी चालतील पण नीट बघतील. आणि मग विषय माझ्यावर आला, तुमच्या तिकडे बरं आहे बाई, सगळं फुकट, तूच सांग काय करायचं.

मी 2014 पासून इंग्लंडमध्ये राहते, मला पीसीओएस (आपल्याकडे पीसीओडी म्हणतात तेच, हॉर्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा आजार) आहे हे इथे आल्यावर कळलं, आणि सरकारी आणि खाजगी दोन्ही दारं मी वाजवून झालीयेत. ग्रुपवर चार ओळीत सांगण्यासारखं हे नाहीये म्हणून इथे लिहितेय.

आधी त्या फुकटचं बघू. 2015 साली व्हिसाबरोबर आरोग्याचा सरचार्ज घ्यायला लागले तेव्हा तो वर्षाला 200 पाउंड होता, फेब्रुवारी 2024 पासून मोठ्या माणसाला 1,035 पाउंड झालाय, आणि पगारातून टॅक्स कापला जातो तो वेगळाच. म्हणजे हे फुकट नाही, आधीच भरून ठेवलेलं आहे. पण डॉक्टरसमोर बसल्यावर पाकीट काढायचं नसतं, आणि हा फरक किती मोठा आहे ते मला सुरुवातीला कळलंच नव्हतं, फार उशिरा कळलं.

माझं झालं असं की इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी पाळी वर्षातून तीनदा-चारदा यायला लागली, हनुवटीवर केस, वजन वाढतंय, झोप नीट नाही. पुण्यात असताना एका डॉक्टरांनी सांगितलं होतं की लग्न झालं, एक मूल झालं की सगळं आपोआप लायनीवर येतं, तेच डोक्यात होतं म्हणून मी बरेच महिने काही केलंच नाही. शेवटी सकाळी आठला फोन लावून, बराच वेळ लाईनवर थांबून जीपीची, म्हणजे इथल्या सरकारी फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट मिळवली. दहा मिनिटं. डॉक्टर चांगली होती, रक्ताच्या टेस्ट लिहून दिल्या, सोनोग्राफीला पाठवलं, आणि रिपोर्ट आल्यावर फोनवर म्हणाली की पीसीओएस आहे, वजन कमी करा, हवी असेल तर पाळी नियमित करायला गर्भनिरोधक गोळी सुरू करू, आणि मूल हवं असेल तेव्हा परत या. मी फोन ठेवला आणि तिथेच जिन्यात बसून राहिले. पुण्याचे डॉक्टर काय म्हणाले होते आणि ही काय म्हणतेय, भाषा वेगळी, देश वेगळा, पण गोष्ट एकच की, मूल हा विषय निघेपर्यंत तुमच्या शरीरात काय चाललंय याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही.

स्पेशालिस्टकडे पाठवा म्हणून मी मागे लागले, तर काही महिन्यांनी पत्र आलं की तुमची केस हॉस्पिटलने बघितली, जीपीला सल्ला पाठवलाय, अपॉइंटमेंटची गरज नाही. इंग्लंडमध्ये वेटिंग लिस्टवर लाखो माणसं आहेत, त्यात जिचा जीव धोक्यात नाही, जिला आत्ता मूल नको आहे अशा बाईचा नंबर कधी लागणार. मला त्या डॉक्टरांचा राग नाही, पण त्या पत्राने मला खूप एकटं पाडलं हे खरं आहे.

मग मी पैसे काढले. अडीचशे पाउंडाच्या आसपास गेले आणि आठवड्याभरात खाजगी कन्सल्टंटसमोर, म्हणजे स्पेशालिस्ट डॉक्टरसमोर, बसले. ती चाळीस मिनिटं मी विसरणार नाही. त्या बाईने आधी माझं सगळं ऐकून घेतलं, मग कागदावर चित्र काढून दाखवलं की हे सिस्ट म्हणजे गाठी नाहीतच, अर्धवट वाढून थांबलेली बीजकोषं आहेत, नावच चुकीचं पडलंय या आजाराचं. मग सांगितलं की पाळी तीन-तीन महिने आली नाही तर गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होत राहतं, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर पुढे कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून गोळी नको असेल तरी निदान दर तीन महिन्यांनी औषध देऊन पाळी आणायलाच हवी. साखर बघायला ग्लुकोज पिऊन करायची टेस्ट सांगितली, कारण पीसीओएसमध्ये इन्सुलिन नीट काम करत नाही आणि आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना डायबेटिसचा धोका मुळातच जास्त, इथे आपल्यासाठी वजनाचा धोक्याचा काटाही खाली धरतात, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 25 ऐवजी 23 पासून. झोपेत घोरता का, मन उदास असतं का, हेसुद्धा विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी हे विचारत होतं, मला तिथेच रडू आलं.

म्हणजे काकूचं बरोबर आहे का, पैसे दिले की नीट बघतात? मलाही त्या दिवशी तसंच वाटलं. पण पुढचं ऐका. त्या बाईंनी जीपीला पत्र लिहिलं, या टेस्ट दरवर्षी करा, हे औषध चालू ठेवा. इथे खाजगी डॉक्टरने लिहिलेलं सगळं सरकारी जीपीने चालू ठेवलंच पाहिजे असं बंधन नाही, माझ्याकडे अर्धं मान्य झालं, अर्धं नाही. ऑफिसचा प्रायव्हेट इन्शुरन्स होता, फोन केला तर म्हणाले हा क्रॉनिक आजार, पॉलिसीत बसत नाही. आणि परत त्या कन्सल्टंटकडे जायचं तर दर वेळी तेवढेच पैसे, ते कुठून काढायचे, आणि किती वर्षं? पीसीओएस काही अपेंडिक्स नाही, काढलं आणि संपलं. तो बऱ्याचदा वयात येतानाच सुरू होतो आणि पाळी जाईपर्यंत, साखर-बीपीच्या हिशोबाने तर त्याच्याही पुढे, तुमच्याबरोबर राहतो.

आणि त्याला बाकीची वर्षं लागतं काय? बीपी, वजन, रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल, पाळीच्या तारखांचा हिशोब, आणि कसं वाटतंय असं विचारणारं कुणीतरी. बस. यातली एकही गोष्ट महाग नाही आणि नेमकी तिथेच गोम आहे, कारण जिथे पैसा सुटत नाही तिथे खाजगीवाला थांबत नाही. त्याला सोनोग्राफीत इंटरेस्ट आहे, पुढे आयव्हीएफमध्ये आहे, मधल्या वीस वर्षांत नाही. सरकारी यंत्रणेचं असं की मधली वर्षं बघायची ताकद फक्त तिच्याकडेच आहे, पण कुणी दारात उभं राहून मागितल्याशिवाय ती बघत नाही.

मी मागितलं. त्या कन्सल्टंटच्या पत्राची कॉपी घेऊन गेले, आणि दर वर्षी मार्चमध्ये जीपीच्या नर्सकडे जायला लागले. मागच्या वर्षीची गोष्ट सांगते. नर्सने बीपी घेतलं, रक्त घेतलं होतं त्याचा रिझल्ट उघडला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली, हे बघ म्हणाली. माझ्या एचबीएवनसीचे, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या टेस्टचे, सात वर्षांचे सात ठिपके एका रेषेत. 38, 39, 41, 41, मग परत 40, 39, 39. इथे 42 ला डायबेटिसच्या आधीचा पट्टा सुरू होतो. जेव्हा 41 ला दोन वर्षं अडकले होते तेव्हा याच नर्सने मागे लागून मेटफॉर्मिनचा, म्हणजे साखरेच्या गोळीचा, विषय डॉक्टरकडे काढला होता आणि संध्याकाळचं चालणं सुरू करायला लावलं होतं. मी मधे घर बदललं, जीपी बदलला होता, तरी माझे जुने ठिपके माझ्या मागे आले. हे मला कुठल्याच खाजगी दवाखान्याने दिलं नसतं, चाळीस मिनिटं देणाऱ्या त्या चांगल्या बाईनेसुद्धा नाही.

आता घरच्या भांडणाकडे येते. आईच्या कपाटात एक प्लास्टिकची फाईल आहे, त्यात माझे शाळेपासूनचे रिपोर्ट आहेत, पाच डॉक्टरांचे, प्रत्येकाने पहिल्यापासून टेस्ट केल्या, एकानेही आधीचा कागद वाचला नाही. तीच फाईल आता भाचीची सुरू झालीये. मी बहिणीला बिलाचे फोटो मागितले, सोनोग्राफी, हॉर्मोनचं अख्खं पॅनल, तीन महिन्यांची इनॉसिटॉल नावाच्या सप्लिमेंटची पाकिटं, डाएटचं पॅकेज. सगळ्यात मोठी रक्कम त्या पाकिटांची होती, आणि त्या पाकिटांचा पुरावा अजून कच्चाच आहे. आणि बीपी? घेतलंच नाही. साखर? नाही.

सोनोग्राफीचं तर मला फार वाईट वाटलं. 2023 ची जी आंतरराष्ट्रीय गाइडलाईन आहे ती स्पष्ट सांगते की पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षांच्या आत सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवायचं नाही, कारण त्या वयात चांगल्या निरोगी मुलीच्या ओव्हरीतसुद्धा असे दाणे दाणे दिसतात. या पोरीची पाळी तेराव्या वर्षी आली, म्हणजे चारच वर्षं झालीत. तिच्या बाबतीत बघायचं ते एवढंच की पाळी खरंच अनियमित आहे का आणि पुरुषी हॉर्मोन वाढल्याची लक्षणं किंवा रिपोर्ट आहेत का, दोन्ही असतील तर निदान होतं, एकच असेल तर धोका आहे म्हणून लक्ष ठेवायचं. पण पोटावर मशीन फिरवलं नाही तर बघितलंच नाही असं आपल्याकडे आई-बापांनाच वाटतं, त्यामुळे एकट्या डॉक्टरला तरी किती बोलणार.

आणि मामांना सांगायचंय की तुमचं म्हणणं मला पटतं पण पूर्ण नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून आपल्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचार मोफत झाले ही मोठी गोष्ट आहे. पण आपल्याकडे सरकारी आरोग्य म्हटलं की चर्चा लगेच योजनांवर जाते, पाच लाखांचं कव्हर, महात्मा फुले योजना, आणि ते सगळं ॲडमिट होणाऱ्यासाठी आहे. पीसीओएसवाली मुलगी ॲडमिट होतच नाही. तिचा सगळा आजार ओपीडीत, केमिस्टकडे आणि लॅबमध्ये होतो, पाच लाखांतला एक रुपया तिच्या कामाचा नाही. देशाच्या आरोग्याच्या एकूण खर्चातला 39.4 टक्के लोकांच्या खिशातून जातो, 2021-22 चा सरकारी आकडा आहे, आणि त्यात अशी बारीक बारीक बिलं किती असतील ते प्रत्येक घराला माहीत आहे.

काकू म्हणते ती गरोदर बायांची लाईनही खरीच आहे. सरकारी दवाखान्यात बाईसाठी जे आहे ते बाळंतपण आणि कुटुंब नियोजन यांच्या भोवती फिरतं, सतरा वर्षांची बिनलग्नाची मुलगी तिथे बावरणारच. बीपी-शुगरची गावोगावची तपासणी 30 च्या पुढच्यांसाठी आहे. म्हणजे परत तेच, मूल होण्याच्या आधी आणि तिशीच्या आधी ही मुलगी कुणाच्याच यादीत नाही, आणि साधारण दहातल्या एकीला हा आजार असतो. मला विचाराल तर सरकारी की खाजगी यावर भांडण्यापेक्षा आपण हे मागायला हवं की ज्या मुलीची पाळी वर्षातून आठ वेळाही येत नाही तिचं बीपी-शुगर त्याच उपकेंद्रात त्याच मशीनवर विसाव्या वर्षापासून दरवर्षी बघा. नवीन बिल्डिंग नको, नवीन योजना नको. आशाताईंच्या वहीत अजून एक रकाना लागेल, आणि त्या रकान्याचे पैसे आशाताईंना मिळाले पाहिजेत.

त्या रात्री भाचीचा वेगळा मेसेज आला, ग्रुपवर नाही. मावशी, मला मूल होणार नाही का गं? सतरा वर्षांची पोर, पुढे बारावीची परीक्षा, आणि रात्री दीडला जागी राहून हे विचारतेय. मी लगेच फोन लावला. तिला सांगितलं की आधी तुझं निदानच पक्कं नाहीये, आणि असलं तरी पीसीओएस असलेल्या बहुतेक बायकांना मुलं होतात, कुणाला मदत लागते, त्यासाठी लेट्रोझोलसारखी साधी गोळी आधी देतात, पण ते आत्ता तुझ्या डोक्यात असायचं काही कारण नाही. तिने विचारलं मग आत्ता काय करू. म्हटलं एक कर, स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आजी दुधाचे खाडे लिहिते ना, त्याच्याच कोपऱ्यात पाळी येईल त्या दिवशी एक टिंब दे, आणि कुणी काही विचारलं तर माझं नाव सांग.

बहिणीला मी सांगितलं की पाकिटं बंद कर, त्या मॅडमकडून रिपोर्टच्या सगळ्या कॉपी घे, आणि सरकारी दवाखान्यात वयात येणाऱ्या मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं, गायनॅकच्या लायनीत न बसता आधी तिथे जा. तिथे उत्तर नाही मिळालं आणि परवडत असेल तर एकदा जिल्ह्याच्या गावी चांगल्या एंडोक्रिनॉलॉजिस्टला, म्हणजे हॉर्मोनच्या डॉक्टरला, पैसे देऊन दाखव, एकदाच, निदान पक्कं करायला आणि लेखी प्लॅन घ्यायला, मग तो कागद घेऊन परत सरकारीत. काकूला हे आवडलेलं नाही, मामांनाही ते एकदाचं खाजगी पटलं नाही, असू दे.

बहीण गेली. मैत्रीच्या ताईंनी पोरीला दार लावून एकटीला बसवून बोलू दिलं, बीपी घेतलं, साखर केली, दोन्ही नॉर्मल, आणि सहा महिन्यांनी परत बोलावलंय. काल रात्री भाचीने कालनिर्णयचा फोटो पाठवला, आजीच्या खाड्यांच्या बाजूला निळ्या पेनाचं एक टिंब. मावशी, 47 दिवसांनी आली. मी तिला लिहिलं, मागच्या पानावर आधीची तारीख आठवत असेल तर तीपण टाक, मार्चपर्यंत किती होतात ते आपण दोघी मोजू.